वंडर वूमनने लिहिलेली गाणी : लिंडा कार्टरबद्दल बोलूया का?

वॉल्ट_निवासी
२०२४ मध्ये फॉलआउटची टीव्ही मालिका आली आणि माझ्यासारखे बरेच जण २०१५ सालचा 'फॉलआउट ४' हा व्हिडिओ गेम पुन्हा काढून बसले. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अणुयुद्धानंतरचं बोस्टन, सगळीकडे पडझड, त्यात गुडनेबर नावाची एक बदमाश वस्ती. वस्तीच्या तळघरात 'थर्ड रेल' नावाचा बार. तिथे लाल चमचमता झगा घालून मॅग्नोलिया नावाची बाई गाते.

तिची गाणी ऐकून मला वाटलं, चाळीस-पन्नासच्या दशकातल्या कुठल्यातरी तबकडीवरून उचलली असणार. खेळात तशी खरी जुनी गाणी पुष्कळ आहेत. शोधलं तर भलतंच निघालं. पाचही गाणी या खेळासाठी नवीन केलेली. गायलीत लिंडा कार्टरने, आणि लिहिण्यातही तिचा वाटा आहे (सोबत जॉन जार्विस). लिंडा कार्टर म्हणजे १९७५ ची टीव्हीवरची वंडर वूमन. त्याच्याही आधी, १९७२ ची मिस वर्ल्ड यूएसए.

सौंदर्यस्पर्धा जिंकून नटी झालेल्या ढिगाने आहेत. स्वतः गाणी लिहिणारी मला दुसरी आठवेना. आपल्याकडे आहे का कुणी? आणि मुख्य प्रश्न: डोक्यावर मुकुट असला की अशा बाईचं गाणं पुढे येतं, की त्याच मुकुटाखाली दबतं? माझं मत, दबतं. बोला.

चहाटळ
बसलोय. दाणे आणलेत.

खडूस_खारूताई
वंडर वूमन म्हणजे सिनेमातली गॅल गॅडो ना? ही कोण आजी?

सुधा_मावशी
खारूताई, आजी म्हणालीस ते ठीक आहे, मीही आजीच आहे. पण 'ही कोण' म्हणू नकोस ग.

आम्ही न्यूजर्सीला आलो ते १९७६ मध्ये. तेव्हा ही मालिका नुकती सुरू झाली होती. आधी एबीसी वाहिनीवर लागायची, त्यात दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. मग सीबीएसने घेतली आणि गोष्ट एकदम सत्तरच्या दशकात आणून ठेवली. तीन हंगाम चालली, १९७९ मध्ये संपली. माझ्या मुली घरभर हात पसरून गरगर फिरायच्या. ती गिरकी कॉमिकमध्ये नव्हती बरं का. साध्या कपड्यांतून त्या पोशाखात कसं यायचं हा पेच होता, तेव्हा गिरकी घेऊया असं लिंडानेच सुचवलं. सुरुवातीच्या भागांत ती हळूहळू फिरते आणि कपडे बदलताना दिसतात. नंतर मधे एक झगमगाट टाकायला लागले, म्हणजे काम पटकन उरकतं.

आणि तिची आई मेक्सिकन वंशाची. हे तेव्हा कुणी फारसं बोलायचं नाही. निळे डोळे, गोरा रंग, म्हणून लोकांच्या लक्षातच आलं नसावं. आता ती स्वतः आवर्जून सांगते.

वॉल्ट_निवासी
मावशी, हेच हवं होतं! तेव्हा ती गाते हे लोकांना माहीत होतं का?

सुधा_मावशी
माहीत होतं रे. मालिका संपल्यावर टीव्हीवर तिचे नाचगाण्याचे विशेष कार्यक्रम झाले, १९८० ते ८४ च्या दरम्यान. आम्ही बघायचो. पण खरं सांगू? बघायचो तिचे कपडे आणि केस. गाणं मागे चालू असायचं.

चहाटळ
धागाकर्त्याला पहिलं मत मिळालं. दबतं: १, पुढे येतं: ०.

गानवेडी
एक दुरुस्ती सुचवते. प्रश्नात क्रम उलटा धरलाय. मुकुट आधी आणि गाणं नंतर, असं झालंच नाही.

लिंडा शाळेत असल्यापासून बँडमध्ये गात होती. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतलं शिक्षण अर्धवट सोडलं तेही गाण्यासाठीच. 'गारफिन गॅदरिंग' नावाच्या बँडबरोबर ती गावोगाव हिंडत होती. त्यांचा पहिला कार्यक्रम सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात होता. हॉटेल इतकं नवं की रस्त्याच्या बाजूने आत यायला दारच झालं नव्हतं. त्यामुळे श्रोते कोण, तर झाडलोट करणारे कर्मचारी आणि तळघरात गाडी लावून वर येणारे पाहुणे.

तिथून १९७२ मध्ये ती ॲरिझोनाला परतली आणि स्थानिक स्पर्धेत उतरली. आधी राज्य जिंकलं, मग देश. लंडनच्या मिस वर्ल्डमध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेली, त्या वर्षी ऑस्ट्रेलियाची बेलिंडा ग्रीन जिंकली. म्हणजे मुकुट ही गाणाऱ्या मुलीने अडचणीच्या काळात धरलेली एक वाट होती. पुढे न्यूयॉर्कमध्ये अभिनयाचं शिक्षण, मग लॉस एंजलिस, छोटी-मोठी कामं. वंडर वूमन मिळाली तेव्हा साठवलेले पैसे संपत आले होते.

खडूस_खारूताई
हॉटेलला दारच नाही हे मला फार आवडलं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा ठेवला होता, त्याचे श्रोतेही साधारण एवढेच होते.

चिमटा
सगळे भारावलेत म्हणून मीच टाचणी लावतो. 'फॉलआउट'चा प्रकाशक बेथेस्डा. बेथेस्डाची मूळ कंपनी झेनिमॅक्स. झेनिमॅक्सचा तेव्हाचा अध्यक्ष रॉबर्ट ऑल्टमन. रॉबर्ट ऑल्टमनची बायको कोण? लिंडा कार्टर. आता बोला, गाणं मुकुटाखाली दबलं की नवऱ्याने वर काढलं?

(सिनेमा दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन वेगळा. हा वकील.)

चहाटळ
दाणे संपले, भेळ मागवतो.

वॉल्ट_निवासी
चिमटा, माहिती बरोबर आहे. बेथेस्डाच्याच 'मॉरोविंड' (२००२) आणि 'ऑब्लिव्हियन' (२००६) या खेळांमध्येही तिचा आवाज आहे. पण ओळखीने काम मिळतं, ओळखीने गाणं चांगलं होत नाही. गाणी ऐकलीस का?

चिमटा
ऐकली. चांगली आहेत. म्हणून तर जास्त चिडचिड होते. इतकी चांगली गाणी करणाऱ्या दुसऱ्या चार अनोळखी बायका नॅशव्हिलमध्ये, अमेरिकेतल्या त्या गाण्यांच्या गावात, बसल्या असतील, त्यांचे नवरे कंपनीचे अध्यक्ष नाहीत.

गानवेडी
हा मुद्दा मान्य. पण मग आपल्याकडच्या अर्ध्या इंडस्ट्रीला हाच नियम लावा. हे मला आवडत्या उदाहरणाकडे घेऊन जातं.

नूतन! शोभना समर्थ आणि कुमारसेन समर्थ यांची मुलगी. १९५० मध्ये आईनेच दिग्दर्शित केलेल्या 'हमारी बेटी'त पदार्पण. १९५२ मध्ये मसुरीला मिस इंडियाचा मुकुट. मग स्वित्झर्लंडला शिकायला गेली, परत आली आणि 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी'. पण आपल्या धाग्यापुरतं महत्त्वाचं म्हणजे १९६० चा 'छबिली', हाही शोभनाबाईंनीच काढलेला. त्यात नूतन स्वतःची गाणी स्वतः गायली. 'ऐ मेरे हमसफर' ऐका. संगीत आपल्या स्नेहल भाटकरांचं. हेमंतकुमारांबरोबरचं 'लहरों पे लहर' तर अजून रेडिओवर लागतं.

आवाजात तयारीची गायकी नाही, पण अभिनेत्रीला शब्द कळतात तेव्हा काय होतं ते ऐकू येतं. मॅग्नोलिया ऐकताना मला तीच जात जाणवली.

फिरस्ता
+१ 'छबिली'साठी. आणि नूतनची ती प्रसिद्ध गोष्ट: 'नगीना'ला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं आणि ही अल्पवयीन, म्हणून स्वतःच्याच सिनेमाला थिएटरात सोडेनात.

सुधा_मावशी
नूतनने मुकुट इतका सहज बाजूला ठेवला की लोकांना ती मिस इंडिया होती हेच आठवत नाही. 'बंदिनी' बघताना कुणाला मुकुट आठवेल?

वॉल्ट_निवासी
नूतन भारीच. पण गानवेडी, ती गायली. गाणी लिहिली का? प्रश्न लिहिण्याचा होता.

गानवेडी
'छबिली'पुरतं बोलायचं तर गायली, लिहिणारे वेगळे. पकडलंत.

दवाखाना_बंद
सौंदर्यस्पर्धेचा विषय निघाला आणि अजून रीटा फरियाचं नाव नाही? मूळची गोव्याची, वाढली मुंबईत, १९६६ ची मिस वर्ल्ड. हा किताब मिळवणारी आशियातली पहिली. तेव्हा ती ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी होती. वर्षभर मुकुटाची कर्तव्यं केली, सिनेमावाल्यांना नमस्कार केला आणि पुन्हा वैद्यकीच्या अभ्यासाला बसली. मुकुट दबवतो-बिबवतो काही नाही. त्याला किती वेळ डोक्यावर ठेवायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

चहाटळ
डॉक्टर, तिने गाणी लिहिली का?

दवाखाना_बंद
औषधं लिहिली. तीही वाचता येत नसणार.

खडूस_खारूताई
प्रियांका चोप्राही चालेल ना? २००० ची मिस वर्ल्ड, २०१२ मध्ये 'इन माय सिटी'.

गानवेडी
चालेल, पण ते कंपनीने ठरवून उभं केलेलं पॉप होतं. एक सांगण्यासारखी गोष्ट मात्र आहे, ते गाणं अमेरिकेत फुटबॉलच्या टीव्ही प्रसारणात वाजलं आणि त्यावरून तिला वंशद्वेषी शेरे ऐकावे लागले. एका मिस वर्ल्डने कुठे, कोणासमोर गावं हे ठरवायला लोक बसलेलेच असतात.

त्याहून जबर उदाहरण व्हॅनेसा विल्यम्सचं. सप्टेंबर १९८३ मध्ये ती पहिली कृष्णवर्णीय मिस अमेरिका झाली. नंतर तिची जुनी छायाचित्रं एका मासिकाने तिच्या मर्जीविरुद्ध छापायचं ठरवलं आणि जुलै १९८४ मध्ये तिला मुकुट सोडावा लागला. १९९२ मध्ये तिचं 'सेव्ह द बेस्ट फॉर लास्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. २०१५ मध्ये त्याच स्पर्धेच्या मंचावर तिला बोलावून आयोजकांनी माफी मागितली. एकतीस वर्षांनी! तिच्याबाबतीत मुकुट गेला म्हणून गाणं दिसलं, असं म्हणता येईल.

वॉल्ट_निवासी
दबतं: २.

चिमटा
तू धागाकर्ता आहेस की निवडणूक आयोग?

ऐसपैस
मधेच येतो. या लिंडाच्या नवऱ्यावर बीसीसीआय प्रकरणात खटला झाला होता असं वाचलं. अमेरिकेत क्रिकेटचा काय संबंध?

चहाटळ
😂😂😂 सामना निश्चिती असेल.

हिशेबनीस
ऐसपैस, ती बीसीसीआय वेगळी. बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल. १९९१ च्या जुलैमध्ये अनेक देशांच्या नियामकांनी एकदम कुलूप लावलं, तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बँक घोटाळ्यांपैकी एक. मुंबईतही तिची शाखा होती. ती पुढे स्टेट बँकेने वेगळी उपकंपनी काढून सामावून घेतली.

ऑल्टमन आणि त्यांचे ज्येष्ठ भागीदार क्लार्क क्लिफर्ड हे वॉशिंग्टनच्या फर्स्ट अमेरिकन या बँकेचे वरिष्ठ पदाधिकारी होते. तिची खरी मालकी लपून बीसीसीआयकडे होती आणि हे यांनी दडवलं, असा आरोप. क्लिफर्ड म्हणजे लहानसहान माणूस नाही, जॉन्सनच्या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्री. वय आणि प्रकृतीमुळे त्यांच्यावर खटला चालला नाही, ऑल्टमनवर चालला. १९९३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने निर्दोष सोडलं. लिंडा कोर्टात येऊन बसायची आणि वर्तमानपत्रांत 'वंडर वूमन'चे मथळे व्हायचे.

ऐसपैस
धन्यवाद. मी मात्र आता गावसकरांकडे बघायचा दृष्टिकोन बदलणार होतो.

सुधा_मावशी
तो काळ तिला जड गेला असणार. दारूच्या व्यसनाबद्दल ती पुढे उघडपणे बोलली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी उपचार घेऊन बाहेर आली, आणि इतरांनी मदत मागावी म्हणून स्वतःचं उदाहरण सांगत राहिली. आमच्या पिढीत बाईने हे चारचौघांत सांगणं सोपं नव्हतं, त्यात ती मुलांची लाडकी नायिका.

चिमटा, तू नवऱ्याचं काढलंस म्हणून सांगते. २०२१ च्या फेब्रुवारीत ते गेले. सदतीस वर्षांचा संसार. त्याच वर्षी तिने 'ह्यूमन अँड डिव्हाइन' हे गाणं काढलं. तेव्हा त्यांची कंपनी मदतीला नव्हती रे.

चिमटा
मावशी, याच्यापुढे वाद घालणार नाही. पण माझा नॅशव्हिलच्या बायकांचा मुद्दा तसाच आहे.

बोस्टनकर
उशिरा आलो. मी इथलाच, म्हणून थोडी भर.

खेळातलं गुडनेबर जिथे दाखवलंय तो भाग म्हणजे जुना स्कॉले स्क्वेअर. एकेकाळी तमाशा-थिएटरं, खलाशी आणि दारूचे गुत्ते यांसाठी बोस्टनमध्ये कुप्रसिद्ध. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सगळा पाडला आणि तिथे सरकारी इमारती उभ्या केल्या, आता गव्हर्नमेंट सेंटर म्हणतात. मला गंमत ही वाटली की खऱ्या शहराने जी वस्ती पुसली ती खेळात अणुबॉम्बनंतर परत उगवली. 'थर्ड रेल' बार ओल्ड स्टेट हाऊसच्या खाली आहे, आणि खरोखरच त्या इमारतीच्या पोटात मेट्रोचं स्टेशन आहे. त्यामुळे तळघरात गाणारी बाई इथल्या माणसाला अगदी पटते. इथल्या बोस्टन कॉमन बागेत कधी आलात तर सांगा, चहा पाजतो.

फिरस्ता
बोस्टनकर, तिकिटाचंही बघा की.

नाममात्र
एवढ्या कौतुकात एक वेगळा सूर. मला त्या पोशाखाचं काय करायचं कळत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वूमनला महिला सक्षमीकरणाची मानद राजदूत केलं. समारंभाला लिंडा कार्टर आणि गॅल गॅडो दोघी होत्या. तिथल्याच काही कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून मूक निषेध केला. तोकड्या कपड्यांतली काल्पनिक बाई कशाला, खऱ्या बायका संपल्या का, हा त्यांचा प्रश्न. दोनेक महिन्यांत ते सगळं गुंडाळलं. मला तो प्रश्न रास्त वाटतो.

सुधा_मावशी
मलाही रास्त वाटतो. पण माझ्या मुली गिरकी घेत होत्या तेव्हा त्यांना कपडे दिसत नव्हते ग. बाई मारते, धावते आणि कुणी तिला सोडवायला येत नाही, हे दिसत होतं. तू म्हणतेस तेही खरं, हेही खरं.

दवाखाना_बंद
नाममात्र यांच्याशी सहमत. पात्राला पदं देण्यापेक्षा ते पात्र करणाऱ्या माणसाचं काम बघावं. म्हणजे आपण परत गाण्यांवर आलो की नाही?

चहाटळ
डॉक्टरांनी धागा शस्त्रक्रियेने जागेवर आणला.

गानवेडी
मग गाण्यांवरच. मी काल १९७८ चा तिचा अल्बम 'पोर्ट्रेट' आणि २०१५ ची मॅग्नोलियाची पाच गाणी एकापाठोपाठ ऐकली. दोन्हींत तिचं लेखन आहे (पहिल्यात काही गाण्यांची सहलेखिका). फरक जमीन-अस्मानाचा आहे.

'पोर्ट्रेट' वंडर वूमन ऐन भरात असताना काढला. नावच बघा, चित्र! गाणी गोड, गुळगुळीत, रेडिओला चालतील अशी. त्यातली दोन तर तिने १९७९ मध्ये मालिकेच्याच एका भागात गायली. त्या भागात वंडर वूमन गायिकेचं सोंग घेऊन रेकॉर्ड कंपनीत शिरते आणि लिंडा कार्टर आपलीच गाणी म्हणते. स्वतःची गाणी लोकांपुढे न्यायला तिला आपल्याच पात्राच्या गुप्त मोहिमेत शिरावं लागलं! याहून मोठा पुरावा धागाकर्त्याला काय हवा?

आणि मॅग्नोलिया? तेव्हा लिंडाचं वय चौसष्ट. आवाज खाली उतरलेला, जरा खरखरीत. 'मॅन इनफ'मध्ये थट्टा आहे, 'गुड नेबर'मध्ये त्या वस्तीचं वर्णन आहे आणि बाई समोरच्याला नीट जोखून घेतेय. कुणाला खूश करायची घाई नाही. पडद्यावर तिचा चेहरा नाही, दुसऱ्याच बाईचं संगणकी चित्र आहे. लोक पहिल्यांदा नुसतं गाणं ऐकत होते.

वॉल्ट_निवासी
गानवेडी, टाळ्या. माझ्या मनात होतं आणि लिहिता येत नव्हतं. दबतं: ३, धागा जिंकला.

चिमटा
थांबा हो. गानवेडी यांचंच म्हणणं धरून बोलतो. चौसष्टाव्या वर्षी ती चेहऱ्याशिवाय ऐकली गेली हे खरं. पण मधल्या काळात ती गात होतीच. २००५ मध्ये लंडनला 'शिकागो' या संगीतनाटकात मामा मॉर्टनची भूमिका केली, नंतर 'ॲट लास्ट' (२००९) आणि 'क्रेझी लिटल थिंग्ज' (२०११) हे अल्बम काढले, कॅबरेचे कार्यक्रम केले. तिकीट काढून येणारे कोण होते? लहानपणी गिरकी घेतलेले लोक. वंडर वूमन नसती तर चाळीस वर्षांनी कोण आलं असतं? सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या बिनदाराच्या हॉटेलात बाकीचे बँडवाले होते की नाही? त्यांचा कुणी धागा काढलाय का?

पुढे येतं: १. लिहून घ्या.

सुधा_मावशी
हे मात्र चिमट्याने चांगलं सांगितलं. मी गेले होते अशा एका कार्यक्रमाला, वॉशिंग्टनला, थोरलीने नेलं होतं. आजूबाजूला सगळ्या तिच्याच वयाच्या बायका. एकीने तर मनगटात त्या चंदेरी पट्ट्या घातल्या होत्या.

खडूस_खारूताई
मावशी, तुम्ही गिरकी घेतलीत का?

सुधा_मावशी
गुडघे बदलून झालेत दोन्ही. नाही घेतली.

वॉल्ट_निवासी
ठीक आहे, ३-१. पण माझा पहिला प्रश्न कुणीच सोडवला नाही. मुकुट, अभिनय आणि स्वतः लिहिलेली गाणी, तिन्ही असलेली आपल्याकडची बाई कोण? नूतन गायली, प्रियांका गायली, रीटाने औषधं लिहिली.

फिरस्ता
कॉलेजच्या 'गॅदरिंग क्वीन' चालतील का? माझी वहिनी आहे. एकांकिकेत काम केलंय आणि मंगळागौरीची गाणी स्वतः रचते.

चहाटळ
चालतील. वहिनींना सदस्य करा आणि धागा त्यांच्याकडे सोपवा.

गानवेडी
फिरस्ता, चेष्टा नाही, खरंच त्यातलं एखादं गाणं टाका इथे. वहिनींना विचारून.

फिरस्ता
विचारलं. म्हणाली, आधी मानधन किती ते सांगा.